सोवळ्यातला फोन

गेल्या सत्राच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात एक वाद झाला. तो चहाबरोबर संपला असता तर हे टिपण लिहिण्याचे कारण नव्हते. पण तो आमच्यापैकी तिघांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

प्रसंग साधा होता. ट्रॉम्बेच्या पायलीपाड्याकडून येणारी, द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज वेळेत भरू शकली नाही. अर्ज एका अॅपमधूनच भरायचा होता. तिचा फोन २०१७ सालचा, थोरल्या भावाने वापरून दिलेला. निर्मात्या कंपनीने त्याला शेवटचे अद्ययावतीकरण २०१९ मध्ये दिले आणि मग हात झटकले. फोनची काच शाबूत, बॅटरी नवी, आवाज स्वच्छ; पण अॅपने सांगितले की ही प्रणाली जुनी आहे, येथे मी चालणार नाही. मुलीने मानखुर्द स्थानकाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून फोनवर नवी प्रणाली बसवून घेतली. त्यांच्या भाषेत, 'सॉफ्टवेअर मारून' घेतले. फोन पुन्हा तरुण झाला. अॅप उतरले, उघडले, आणि दुसऱ्याच पडद्यावर म्हणाले की या फोनमध्ये फेरफार झालेला आहे, तो सुरक्षित नाही, म्हणून मी चालणार नाही. अखेर मैत्रिणीच्या फोनवरून, विलंबशुल्क भरून, अर्ज गेला.

शिक्षक-कक्षात हे ऐकल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मग बरोबरच आहे. असले चोरीचे उद्योग करायचे कशाला?" दुसऱ्या सहकारी म्हणाल्या, "आणि यात मराठी विभागाचा काय संबंध?" ही दोन्ही वाक्ये आम्हाला चुकीची वाटतात. पहिले वाक्य नीतीच्या नावाखाली अनीतीची पाठराखण करते आणि दुसरे वाक्य आपल्या विषयाचा इतिहास विसरते. पुढील विवेचन या दोन वाक्यांना दिलेले उत्तर आहे.

प्रथम, नेमके काय केले जाते ते नीट समजून घेऊ. कारण ज्या गोष्टीला आपण चोरी म्हणतो ती पाहिलेली तरी असावी. स्मार्टफोन सुरू होताना सर्वांत आधी एक छोटी आज्ञावली जागी होते. तिला बूटलोडर म्हणतात. ती दारावरच्या भालदारासारखी असते. पुढे जी प्रणाली आत येणार तिच्यावर कंपनीची मोहोर आहे की नाही हे ती तपासते, आणि नसेल तर अडवते. हे कुलूप उघडले की कंपनीने दिलेल्या प्रणालीच्या जागी दुसरी बसवता येते. ही दुसरी प्रणाली म्हणजे 'कस्टम रॉम'. 'रूट' करणे ही याच्या शेजारची पण वेगळी क्रिया आहे. तीत फोनच्या सर्व फायलींवर अंतिम अधिकार वापरणाऱ्याकडे येतो. आपल्याकडे बोलताना या दोहोंची सरमिसळ होते, पण रूट न करताही नवी प्रणाली बसवता येते. आणि आज सर्वाधिक प्रचलित असलेली लिनेजओएस ही प्रणाली मुळात रूट अधिकार देतच नाही.

हे शक्य होते ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे, आणि त्याच्या परवान्याची अटच अशी आहे की जो त्यात बदल करून लोकांना देईल त्याने त्या बदलांची संहिताही लोकांना द्यावी. वरच्या मजल्यांना ही अट लागू नाही, कॅमेऱ्यासारख्या भागांच्या आज्ञावल्या तर बहुधा बंदिस्तच असतात. म्हणून नव्या प्रणालीत पुष्कळदा कॅमेरा रुसतो. तरीही जगभरच्या हौशी मंडळींनी, बहुतांशी फुकट श्रम करून, कंपन्यांनी टाकून दिलेल्या शेकडो फोनांना नवे आयुष्य दिले. २००९ मध्ये सुरू झालेला सायनोजेनमॉड हा त्यांतला सर्वांत गाजलेला उपक्रम. त्यामागच्या कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात गाशा गुंडाळला, तेव्हा स्वयंसेवकांनी तीच संहिता उचलून लिनेजओएस उभे केले. कंपनी गेली तरी संहिता उरली, कारण ती उघडी होती.

आता चोरीचा आरोप. चोरीसाठी परक्याची वस्तू लागते. येथे फोन मुलीच्या घरचा, पैसे तिच्या घरचे, बसवलेली प्रणाली ज्यांनी लिहिली त्यांनी ती वाटण्यासाठीच लिहिलेली. मग चोरले काय? कायद्याकडे वळावे तर आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने जे ६५-अ हे कलम आले, ते तांत्रिक कुलूप तोडण्याला तेव्हाच दंडनीय मानते जेव्हा ते प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तोडलेले असते. अमेरिकेचा कायदा याहून कडक. पण तेथेही २०१० मध्ये फोनचे असे कुलूप उघडण्याला सूट मिळाली. ही सूट कोणी दिली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांनी. त्या देशात अशा सुटीचा निर्णय कायद्यानेच ग्रंथपालाकडे सोपवलेला आहे. 'मराठी विभागाचा काय संबंध' असे विचारणाऱ्यांनी एवढ्यावरच थोडे थांबून विचार करायला हरकत नाही.

राहिली हमी. फोन उघडला की हमी जाते, हे खरे. सात-आठ वर्षांच्या फोनची हमी कोणत्या स्वर्गात जिवंत असते, हे मात्र कोणी सांगत नाही.

तेव्हा प्रश्न कायद्याचा नाही. मग तो कशाचा आहे? आमच्या मते तो सोवळ्याचा आहे. ज्या फोनचे कुलूप उघडले गेले, तो फोन बाटला. त्याने काय केले, काय बिघडवले, याची चौकशी होत नाही. त्याला शिवले गेले एवढे पुरते. पुष्कळ बँकांची अॅप त्याला पंक्तीला बसू देत नाहीत. काही निर्मात्यांनी तर आत अशी खूण ठेवली आहे की अपरिचित प्रणाली एकदा बसली की ती कायमची उमटते. मूळ प्रणाली परत घातली तरी पुसली जात नाही, प्रायश्चित्ताचीही सोय नाही. आणि गंमत अशी की ज्या फोनला पाच-सहा वर्षे सुरक्षेची एकही डागडुजी मिळालेली नाही, ज्याच्या भिंतीला सर्वांना ठाऊक असलेली भोके आहेत, तो केवळ कोणी उघडला नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी शुद्ध ठरतो. आणि ज्याची भोके बुजवली तो अशुद्ध. स्वच्छतेचा आणि सोवळ्याचा संबंध नसतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी.

आपल्या छपाईचा इतिहास शिकवताना आपण गणपत कृष्णाजींचे नाव घेतो. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिळाप्रेस कसा चालतो हे त्यांनी पाहिले, आणि मुंबईत स्वतःच्या हाताने तसा प्रेस तयार केला. शाई स्वतः बनवली, पुढे टाईपही स्वतः पाडले, आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. त्या वेळीही विटाळाची ओरड झाली होती. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला शिवायचे कसे, असा पेच पडला होता, आणि त्यावर तुपाची शाई हा तोडगा निघाला होता. आज आपण त्या हरकतीला हसतो. पण त्यांच्याकडे गुरुकिल्ली नव्हती, परवाना नव्हता, निर्मात्याची हमी नव्हती. दुसऱ्याचे यंत्र पाहून, त्याचे आतडे समजून घेऊन, त्यांनी ते आपल्या भाषेच्या कामाला लावले. मानखुर्दच्या दुरुस्तीवाल्याचा उद्योग याच जातीचा आहे. एकाला आपण अभ्यासक्रमात घेतो आणि दुसऱ्याला चोर म्हणतो.

याहून जुने उदाहरण घ्यावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्या पाठात भर पडत, मोडतोड होत गेली, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी पोथ्या ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आमच्या सहकाऱ्यांनी येथे लगेच हरकत घेतली, की एकनाथांनी पुढच्यांना त्यात आपली ओवी घुसडू नका असा इशाराही दिला होता! दिला होता, आणि तो योग्यच होता. पण तो इशारा देणाऱ्याने आधी पोथी उघडलेली होती. पाठभेद पाहता आले, म्हणून शुद्धी करता आली. पोथी बासनात बांधून, बासनाला कुलूप घालून, किल्ली वैकुंठाला पाठवली असती तर एकनाथांना करण्यासारखे काहीच उरले नसते. 'संहिता' हा शब्द आपण साहित्यकृतीसाठी वापरतो आणि आज्ञावलीसाठीही वापरू लागलो आहोत. जी संहिता वाचता येत नाही, ताडून पाहता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, तिच्याविषयी मराठीच्या प्राध्यापकाला काहीच वाटू नये, हे आम्हाला विलक्षण वाटते.

संबंधच दाखवायचा तर आमच्या खिशातूनच दाखवतो. २०११ च्या सुमारास आमच्यापैकी एकाने पहिला स्मार्टफोन घेतला. त्यावर मराठी म्हणजे ओळीने मांडलेले चौकोन. एका विद्यार्थ्याने तो रूट करून देवनागरी फॉन्ट घातला, तेव्हा चौकोन गेले. पण जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे लटकलेली, अशी अक्षरांची यादवी दिसू लागली. अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीच्या सुमारास देवनागरीची जुळणी सुधारली. परंतु ती आवृत्ती त्या फोनला कंपनीने कधीच दिली नाही. ती दिली कोणा परदेशस्थ हौशी तरुणांनी, कस्टम रॉमच्या रूपाने. त्या रात्री आम्ही आमच्याच भाषेतला एक परिच्छेद आमच्याच फोनवर पहिल्यांदा सरळ वाचला. अँड्रॉइडचा पडदाच मराठीत करण्याची अधिकृत सोय २०१४ च्या ५.० आवृत्तीत आली. तोवर आपली लिपी आपल्याला दाराने नव्हे, खिडकीने घरात आणावी लागली होती.

आणि ते प्रकरण संपलेले नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवताना 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे सांगितली. आपल्या बहुतेकांच्या फोनवर मात्र हिंदी वळणाचाच 'ल' दिसतो. तो बदलावा तर अनेक फोनांवर मुळातला फॉन्ट बदलण्याची मुभा नाही. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले, तिचा मुक्त फॉन्टही उपलब्ध आहे. पण जुन्या फोनवर मोडीचा मजकूर उघडला की पुन्हा तेच चौकोन, कारण प्रणालीच्या फॉन्टांच्या कप्प्याला कुलूप आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. अभिजात भाषेच्या अभ्यासकाला स्वतःच्या फोनवर तिचे एक अक्षर बदलता येत नाही, याची खंत आम्ही कोणत्याही परिसंवादात ऐकली नाही.

आता ट्रॉम्बेविषयी. ही कथा ट्रॉम्बेची असावी यात एक उपरोध आहे. १९६९ मध्ये येथल्या अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. त्या नावातला 'टी' हा ट्रॉम्बेचा. पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने त्याचे उत्पादन केले. कॅनडाच्या साह्याने उभी राहिलेली सायरस ही अणुभट्टी १९६० पासून येथे चालू होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने साह्य काढून घेतले, तरी ती चालत राहिली. १९९७ मध्ये जीर्ण झाली म्हणून ती थांबवली, काही वर्षे खपून तिची दुरुस्ती केली आणि पुन्हा चालवली. अखेर २०१० संपताना ती कायमची बंद झाली. पुरवठादाराने पाठ फिरवली म्हणून यंत्र भंगारात काढायचे नाही, ते उघडायचे, समजून घ्यायचे आणि चालवायचे, हा धडा ज्या गावाने देशाला दिला त्याच गावची ही मुलगी. राष्ट्राने केले की त्याला स्वावलंबन म्हणतात, पायलीपाड्याने केले की फेरफार!

ट्रॉम्बेचा दुसराही एक धडा आहे. महापालिकेनेच वसवलेली जनता कॉलनी ही वस्ती १९७६ मध्ये, आणीबाणीत, याच केंद्राला जागा हवी म्हणून उठवली गेली आणि तिथली माणसे खाडीकाठच्या चिता कॅम्पला पाठवली गेली. जोकिन अर्पुथम यांनी तिच्यासाठी दिलेला लढा प्रसिद्ध आहे. घर बांधले आपण, पैसे घातले आपण, पिढी वाढवली आपण; पण 'येथे राहता येणार नाही' हे सांगण्याचा अधिकार दुसऱ्याकडे. दोन्ही दुःखे एका मापाची आहेत असे आम्ही म्हणत नाही. छप्पर जाणे आणि फोन अडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण अधिकाराची रचना सारखी आहे. मुंबईकराला समजेल अशा भाषेत सांगायचे तर आपला फोन ही पागडीची खोली आहे. रक्कम पूर्ण मोजायची, डागडुजी स्वतः करायची, आणि तरी कुळच राहायचे.

विरुद्ध बाजूचे जे खरे आहे ते मान्य केलेच पाहिजे. कुलूप उघडताना फोनमधला सर्व मजकूर पुसला जातो. आगाऊ प्रत काढली नसेल तर छायाचित्रे गेली. एखादी पायरी चुकली तर फोन कायमचा मरतो. कोणत्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली प्रणाली हेरगिरी करणारी असू शकते. रूट अधिकार असलेल्या फोनवर एखादे दुष्ट अॅप शिरले तर त्याला अडवणारे कोणी उरत नाही. उघड्या बूटलोडरचा फोन चोराच्या हाती गेला तर त्याला आत शिरणे सोपे जाते. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या बँकेला ही भीती वाटावी, हे समजण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येकाने उठून आपला फोन रूट करावा, असे आम्ही मुळीच सुचवत नाही.

परंतु या भीतीतून निघणारा निष्कर्ष कोणता? भीती खरी असेल तर कुलूप हवे. पण त्याची किल्ली घरधन्याकडे हवी. दुसरी प्रणाली बसवून, स्वतःच्या मोहोरेने दार पुन्हा बंद करण्याची सोय काही फोनांत आजही आहे, म्हणजे ती अशक्य नाही. आणि परीक्षेचा अर्ज म्हणजे बँकेची तिजोरी नव्हे. तेथे या सोवळ्याचे प्रयोजनच काय? विद्यार्थिनीचे नाव, विषय आणि शुल्काची पावती एवढ्यासाठी तिच्या फोनचे कुलशील तपासण्याचा अधिकार महाविद्यालयाला कोणी दिला? अॅप बनवणाऱ्याने एक पर्याय निवडला असेल, अर्ज मंजूर करणाऱ्याने तो वाचलाही नसेल, आणि एक वर्ष जाऊ शकले असते एका मुलीचे. सुरक्षेचा खर्च नेहमी त्यालाच का द्यावा लागतो, ज्याच्याकडे नवा फोन घेण्याची ऐपत नाही?

जगात हा विचार सुरू झालेला आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्ययावतीकरणे उपलब्ध ठेवावी लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टलही काढले. पोर्टलवर दुरुस्तीची माहिती मिळते. आम्ही ज्या किल्लीविषयी बोलतो आहोत ती मात्र अद्याप कंपनीच्याच कनवटीला आहे.

आमची मागणी मोठी नाही. कंपनीने ज्या दिवशी फोनची अद्ययावतीकरणे थांबवली त्या दिवशी त्याची किल्ली मालकाला द्यावी. आपण सांभाळणार नसू तर दुसऱ्याला सांभाळू द्यावे. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी अॅपवाचून अडेल अशी एकही अट ठेवू नये. साधे संकेतस्थळ आणि कागदी अर्ज हे दोन्ही मार्ग उघडे असावेत. आणि मराठी विभागांनी लिपीचा प्रश्न संगणक विभागाच्या दारात टाकून मोकळे होऊ नये. ट्रॉम्बेच्या वेशीवरच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीशी तिथल्या मंडळींचा जुना संबंध आहे. आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एकदा तिथे जायला बसचे तिकीट पुरते.

१९६० नंतरच्या दशकात मुंबईतल्या काही तरुणांनी प्रस्थापित मासिकांची वाट न पाहता सायक्लोस्टाईल यंत्रावर स्वतःची अनियतकालिके काढली. ती अक्षरे फिकट होती, कागद हलका होता, शाई हाताला लागत होती. आज आपण त्यांवर प्रबंध लिहितो, त्यांच्या उरलेल्या प्रती जपून ठेवतो, आणि 'साधनांची मालकी' यावर चर्चासत्रे भरवतो. त्या चर्चासत्रांत मागच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या हातात भावाचा जुना फोन असतो. तिला त्या विषयावर आपल्याहून अधिक ठाऊक आहे. पुढच्या सत्राच्या अर्जांची तारीख लवकरच लागेल. त्यापूर्वी कागदी अर्जाचा गठ्ठा कार्यालयात ठेवावा, असे पत्र आम्ही तिघांनी प्राचार्यांना दिले आहे. त्यावर सही करायला ज्येष्ठ सहकारी अद्याप तयार नाहीत. पत्र मात्र त्यांच्या टेबलावर ठेवलेले आहे.